‘आर्म’ आणि हात, ‘हार्ट’ आणि काळीज : इंग्रजी अवयववाचक शब्द व वाक्प्रचार यांच्या मराठी भाषांतराची चिकित्सा

प्रस्तावना

भाषांतराच्या चर्चेत अवघड शब्द कोणते, असा प्रश्न निघाला की तत्त्वज्ञान, कायदा किंवा विज्ञान यांतील संज्ञांकडे बोट दाखविले जाते. हात, पाय, डोके, पोट यांसारखे शब्द अवघड असू शकतील, असे सहसा कोणाला वाटत नाही. शरीर सर्व माणसांचे सारखेच, तेव्हा त्याच्या भागांची नावेही एकास एक जुळतील, असा एक अनुच्चारित समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात परिभाषेतील शब्दाला प्रतिशब्द घडविता येतो आणि तो रूढही करता येतो. परंतु ‘हात’ या शब्दाला नवा प्रतिशब्द घडविण्याचा अधिकार कोणत्याही समितीला नाही. म्हणूनच भाषांतराची खरी कसोटी या नित्याच्या शब्दांत लागते.

ही कसोटी आज पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाची ठरली आहे. मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गावरील कांजूरमार्ग स्थानकात उतरून पवईच्या आयआयटीकडे जाणारे विद्यार्थी ज्या आवारात शिरतात, तेथे २००० साली भारतीय भाषांच्या संगणकीय अभ्यासासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. हिंदी आणि मराठी भाषांची ‘वर्डनेट’ अर्थात शब्दजाले तेथे तयार झाली. यंत्राद्वारे होणाऱ्या भाषांतराच्या अभ्यासात अशा शब्दजालांचा आधार घेतला गेला आहे. गूगलच्या भाषांतरसेवेत २०१३ साली मराठीचा समावेश झाला. अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीसह आठ भारतीय भाषांतून देण्यास २०२१ साली परवानगी मिळाली आणि पाठ्यपुस्तकांच्या भाषांतराचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या सर्व घडामोडींत ‘हात’ आणि ‘पाय’ यांचा विचार मात्र गृहीत धरून पुढे जाण्याचीच वृत्ती दिसते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी केली आहे.

अवयवांच्या सीमारेषा

इंग्रजीत ‘आर्म’ वेगळा आणि ‘हँड’ वेगळा. मराठीत खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत सगळा हातच. त्याचप्रमाणे ‘लेग’ आणि ‘फूट’ दोन्ही पाय, ‘फिंगर’ आणि ‘टो’ दोन्ही बोटे. मराठीत भेद करावयाचाच झाला तर तो करता येतो : दंड, कोपर, मनगट, तळहात, मांडी, गुडघा, नडगी, पोटरी, घोटा, टाच, तळपाय. नडगी आणि पोटरी ही पायाच्या एकाच भागाच्या पुढील व मागील बाजूंची दोन स्वतंत्र घरगुती नावे आहेत. म्हणजे मराठी शब्दसंपत्ती दरिद्री नाही. फक्त इंग्रजी जेथे रेघ ओढते तेथे मराठी ओढत नाही.

उलट बाजूही आहे. इंग्रजी ‘नेक’ आणि ‘थ्रोट’ या दोन शब्दांच्या जागी मराठीत मान, गळा आणि घसा असे तीन शब्द आहेत. दुखते ती मान, बसतो तो घसा आणि गोड असतो तो गळा. हार गळ्यात पडतो, जू मानेवर येते, घास घशात अडकतो. या तिघांची अदलाबदल करून पाहिली की मराठी भाषकाच्या कानाला तत्काळ खटकते, पण ती का खटकते याचे उत्तर शरीररचनेच्या पुस्तकात सापडत नाही. मांडीचेही तसेच. ‘थाय’ आणि ‘लॅप’ या दोन इंग्रजी शब्दांच्या अर्थक्षेत्रांवर मराठी मांडी पसरलेली आहे. तिच्यावर मूल घेतले जाते आणि तीच घालून माणूस जेवायला बसतो. ‘तोंड’ हा शब्द ‘माउथ’ही आहे आणि ‘फेस’ही; सकाळी तोंड धुतो म्हणणारा मराठी माणूस गुळणी करूनच थांबत नाही. २०२० सालच्या साथीच्या काळात चेहऱ्याला हात लावू नये अशी सूचना जगभर दिली गेली. ती ‘तोंडाला हात लावू नये’ अशी मराठीत उतरविली, तर ऐकणाऱ्याने ओठांपुरता अर्थ घ्यावा की डोळ्यांपर्यंतचा, हे संदर्भावर सोडावे लागते. ‘चेहरा’ हा फारसीतून आलेला शब्द येथे अधिक निश्चित आहे. शुद्धतेच्या आग्रहापेक्षा अशा ठिकाणी निश्चिती मोलाची मानली पाहिजे.

हा प्रकार केवळ मराठीचा नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या जगातील भाषांच्या रचनांच्या नकाशासंग्रहात सेसिल ब्राउन यांनी ६१७ भाषांची पाहणी दिली आहे. त्यांतील २२८ भाषांत हात आणि बाहू यांना एकच शब्द आहे, ३८९ भाषांत वेगळे शब्द आहेत. शिवलेल्या, बाह्या असलेल्या कपड्यांमुळे हाताचे दोन भाग डोळ्यांना वेगळे दिसू लागतात आणि म्हणून थंड प्रदेशातील भाषांत हा भेद अधिक आढळतो, असे एक स्पष्टीकरण ब्राउन यांनी सुचविले. स्पष्टीकरण रंजक आहे. परंतु रशियासारख्या कडाक्याच्या थंडीच्या देशातील भाषेतही हात आणि बाहू यांना व्यवहारात एकच शब्द चालतो आणि ‘बाही’ हा शब्द ‘बाहू’वरूनच घेणाऱ्या मराठीने दैनंदिन बोलण्यातून तो ‘बाहू’ काव्याच्या हवाली केला, हे लक्षात घेता ते जपूनच वापरावे लागते. संस्कृतात हस्त आणि बाहू हे दोन्ही शब्द जिवंत होते.

कोशपरंपरा आणि शब्दजाल

जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला आणि १८५७ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. मोल्सवर्थ यांनी हाती घेतलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडी यांनी पूर्ण करून १८४७ साली प्रकाशात आणला. या दोन कोशांच्या दिशा परस्परविरुद्ध असल्याने त्यांचे गुणधर्मही भिन्न असणे स्वाभाविक होते. मराठीकडून इंग्रजीकडे जाणारा कोश मराठी वापराचे वर्णन करतो. त्याला शब्द आयता मिळालेला असतो आणि त्याचे अर्थ उलगडायचे असतात. इंग्रजीकडून मराठीकडे येणाऱ्या कोशाला मात्र समोर जागा आखून दिलेली असते आणि ती भरावी लागते. जेथे मराठीने रेघच ओढलेली नाही तेथे काहीतरी लिहावेच लागते. पुढील दीडशे वर्षांच्या शालेय इंग्रजी-मराठी कोशांनी ‘आर्म’पुढे बाहू किंवा भुजा लिहिले ते याच गरजेपोटी. परिणामी विद्यार्थी असे मराठी लिहू लागला, की ज्यात क्रिकेट खेळताना खेळाडूची ‘भुजा’ दुखावते.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाले’चा आरंभच मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीच्या चर्चेने केला होता. इंग्रजी वळणाची चिंता तेव्हापासूनची आहे. तिला खरे उत्तर दिले ते मात्र टीकाकारांपेक्षा संग्राहकांनी. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी ‘महाराष्ट्र शब्दकोशा’च्या प्रचंड कामानंतर ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ सिद्ध केला. वाक्प्रचार हा शब्दाच्या नोंदीत शेवटी टाकावयाचा तुकडा नसून स्वतंत्र कोशाचा विषय आहे, ही त्यांची भूमिका आजच्या यंत्रयुगातील शब्दसंग्रहकर्त्यांनाही मार्गदर्शक ठरावी अशी आहे.

पवई येथे सिद्ध झालेले मराठी शब्दजाल हे हिंदी शब्दजालावरून विस्तारपद्धतीने वाढविण्यात आले. या पद्धतीत एका भाषेतील समानार्थी शब्दांचा संच हा एक संकल्पना म्हणून घेतला जातो आणि त्या संकल्पनेसाठी दुसऱ्या भाषेत कोणते शब्द आहेत ते नोंदविले जाते. या मार्गाने थोड्या काळात मोठे काम उभे राहते, आणि भारतीय भाषा एकमेकींशी जोडल्या जातात, हा लाभ निर्विवाद आहे. हिंदी आणि मराठी या भगिनी भाषा असल्याने इंग्रजीवरून थेट येण्यापेक्षा ही वाट सुरक्षित वाटते. तथापि भगिनी भाषांतील सारखेपणा हाच अवयववाचक शब्दांत फसवा ठरतो. हिंदीतील ‘जाँघ’ म्हणजे मराठीतील मांडी. मराठीतील ‘जांघ’ मात्र मांडी आणि ओटीपोट यांच्या सांध्याची जागा. हिंदीतील ‘पीठ’ ही पाठ, मराठीतील पीठ दळून आणावे लागते. हिंदीत ‘टाँग’ हा शब्द ‘लेग’साठी निर्विकारपणे चालतो, मराठी ‘तंगडी’ रागाशिवाय किंवा थट्टेशिवाय तोंडातून निघत नाही. म्हणजे संकल्पना एकच असली तरी शब्दाची पातळी वेगळी, आणि ती पातळी संकल्पनेच्या क्रमांकात मावत नाही. शब्दजालात अवयव-अवयवी हा संबंध नोंदविण्याची सोय आहे, हे त्याचे बलस्थान. तळहात हा हाताचा भाग, हात हा शरीराचा भाग, ही साखळी मराठीपुरती निर्दोष आहे. पण इंग्रजीच्या साखळीत ‘हँड’ हा ‘आर्म’चा भाग ठरतो. दोन्ही साखळ्या एकमेकींवर ठेवल्या की मराठी हात स्वतःचाच भाग होऊन बसतो. हा दोष संग्राहकांच्या कष्टांचा नाही. संकल्पना भाषेच्या आधी असतात, या गृहीतकाचा आहे.

भावनांचे स्थान

अवयवांच्या सीमांपेक्षा अधिक गुंतागुंत ‘हार्ट’ या शब्दाभोवती आहे. वैद्यकात त्याला हृदय म्हणावे, याबद्दल वाद नाही. परंतु धीट माणसाला मराठीत छाती असते, निष्ठुर माणसाला काळीज नसते, खट्टू होते ते मन, भरून येतो तो ऊर, आणि तुटते ते आतडे. इंग्रजीत मनापासून पाठ करण्यासाठी जे ‘हार्ट’ लागते त्याच्या जागी मराठीत तोंड लागते : कविता तोंडपाठ होते. पत्त्यांच्या डावात तर याच ‘हार्ट’चा बदाम झाला, आणि ज्या कोणा अनाम खेळाडूने आकारावरून ते नाव दिले, त्याने शब्द बाजूला सारून वस्तूकडे पाहिले.

‘काळीज’ हा शब्द विशेष लक्षणीय आहे. त्याचा मूळ अर्थ यकृत. संस्कृत ‘कालेय’ आणि हिंदी ‘कलेजा’ यांच्याशी त्याचे नाते आहे. भावनेचे आणि धैर्याचे स्थान म्हणून तो वापरता वापरता पुढे तो हृदयाच्या जागी सरकला. ‘काळजात धडधडणे’ म्हणणाऱ्याच्या मनात आता यकृत नसते. अर्थ सरकण्याचा हा प्रवास इंग्रजीच्या दडपणाने झाला असे म्हणता येणार नाही, पण आधुनिक मराठी गद्यात ‘हृदय’ या शब्दाचा जो सुळसुळाट झाला आहे त्याला मात्र इंग्रजी कारणीभूत आहे. ‘हृदयभंग’, ‘शहराच्या हृदयस्थानी’, ‘हृदयाच्या तळापासून’ हे सारे ‘हार्ट’चे वारस. त्यांतील पहिला आता मराठी झाला आहे असे मानावयास हरकत नाही. दुसऱ्या ठिकाणी ‘भर वस्तीत’ असे म्हटले असते तर काही उणे पडले नसते.

आतड्याचे उदाहरण उलट दिशेने बोलके आहे. बायबलच्या ग्रीक पाठात करुणेसाठी आतड्यांचा वाचक शब्द येतो. सतराव्या शतकातील अधिकृत इंग्रजी भाषांतराने तो शब्दशः ठेवला, परंतु पुढील काळात इंग्रजी वाचकाला त्यात करुणेऐवजी पचनच दिसू लागले आणि नव्या इंग्रजी भाषांतरांनी त्या जागी ‘हार्ट’ किंवा ‘कम्पॅशन’ घातले. मराठीत आतडे आजही तुटते, पिळवटते. आतड्याची माया हा शब्दप्रयोग कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजीच्या मध्यस्थीने येणाऱ्या भाषांतरकाराच्या हाती नवे ‘हार्ट’ पडते आणि तो ‘हृदय’ लिहितो. ग्रीककडून थेट येणाऱ्याला घरातला शब्द सापडला असता. मध्यस्थ भाषा कोणती, यावर शरीराचा कोणता भाग दुखेल हे ठरते.

पश्चिम आफ्रिकेतील योरुबा भाषेशी येथे तुलना उद्बोधक ठरते. त्या भाषेत आनंद झाला हे सांगताना ‘इनू’, म्हणजे पोट किंवा आतला भाग, गोड झाला असे म्हणतात. रागही त्याच इनूत येतो. डोक्यासाठी असलेला ‘ओरी’ हा शब्द माणसाच्या नशिबाचाही वाचक आहे. इंग्रजीला या दोन्ही गोष्टी समजावून सांगण्यासाठी टीप लागते. मराठी वाचकाला टीप लागू नये. ज्याच्या भाषेत अपराध पोटात घातले जातात, भीतीने पोटात गोळा येतो, शेजाऱ्याच्या भरभराटीने पोटदुखी होते आणि नशीब कपाळी लिहिलेले असते, त्याला योरुबा माणसाचे पोट आणि डोके चटकन ओळखू येईल. तरीही योरुबा साहित्य मराठीत आले तर ते बहुधा इंग्रजीमार्गे येईल आणि वाटेत पोटाचे हृदय झालेले असेल.

वाक्प्रचारांतील जुळे आणि तोतये

इंग्रजी व मराठी वाक्प्रचार काही ठिकाणी आश्चर्यकारकपणे जुळतात. नाक खुपसणे, नाक मुरडणे, खांद्याला खांदा लावणे यांचे भाषांतर शब्दशः केले तरी चालते. हे जुळणे मूळचे की उसने, हे प्रत्येक वेळी ठरविणे कठीण, आणि भाषांतरकाराच्या दृष्टीने अनावश्यकही.

धोका आहे तो अर्धवट जुळणाऱ्यांचा. कोणाची थट्टा करणे यासाठी इंग्रजीत त्याचा पाय ओढतात. मराठीत पाय ओढला जातो तो वर चढणाऱ्याचा, आणि त्यात थट्टा नसून मत्सर असतो. मित्रांची सहज चाललेली चेष्टा अशा भाषांतरात शत्रुत्व होऊन बसते. ‘फिरकी घेणे’ हा शब्दप्रयोग हाताशी असताना हे घडावे, हे दुर्दैव. दुःखी माणसाला टेकायला खांदा देण्याची इंग्रजी कल्पना मराठीत उतरविताना ‘खांदा दिला’ असे लिहिले, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे तिरडी उभी राहते. इंग्रजी अंगठा वर झाला की संमती. मराठीत अंगठा दाखवला की साफ नकार किंवा फसवणूक, आणि अंगठा उठवला की निरक्षरता. भ्रमणध्वनीवरील अंगठ्याच्या चित्राने आता संमतीचा अर्थ शब्दांवाचून रूढ केला आहे, तरी ‘त्याने अंगठा दाखवला’ हे वाक्य अद्याप जुन्याच अर्थाने वाचले जाते. म्हणजे खूण बदलली, वाक्प्रचार बदलला नाही.

काही ठिकाणी अवयव सोडून देणे हेच उत्तम भाषांतर असते. इंग्रजी माणूस यशासाठी बोटे एकमेकांत अडकवतो, मराठी माणूस देव पाण्यात घालून बसतो. ऐन वेळी ज्याचे पाय थंड पडतात त्याच्यासाठी मराठीत ‘कच खाणे’ आहे. युजीन नायडा यांनी १९६४ साली रूपाच्या समतुल्यतेपेक्षा परिणामाच्या समतुल्यतेवर भर दिला, तो अशा ठिकाणी उपयोगी पडतो. मात्र नायडांचे सूत्र सरसकट लावणेही योग्य नव्हे. कथेतील लंडनचा कारकून देव पाण्यात घालू लागला तर वाचकाला हसू येईल. तेथे ‘जीव मुठीत धरून बसला’ एवढ्यावर थांबावे.

लोकव्युत्पत्ती हीही एक प्रकारची भाषांतरक्रियाच होय. दुर्लक्ष करणे या अर्थाचा शब्द ‘काणाडोळा’. काणा म्हणजे एका डोळ्याने अधू. ‘काणा’ हा शब्द मागे पडला आणि लोकांनी त्याचा कान केला. आता ‘कानाडोळा’ करणारा माणूस ऐकतही नाही आणि पाहतही नाही. अशुद्ध म्हणून या रूपावर लाल शाई ओढण्यापूर्वी, न समजणाऱ्या शब्दाला समाजाने समजणारा अवयव दिला, हे अध्यापकांनी ध्यानात घ्यावयास हवे.

वाक्यातील शरीर

शब्द आणि वाक्प्रचार निभावले तरी वाक्य उरतेच. ‘त्याने आपला हात आपल्या खिशात घातला’ या वाक्यातील प्रत्येक शब्द मराठी आहे, पण वाक्य मराठी नाही. इंग्रजीला अवयवाचा मालक दरवेळी सांगावा लागतो. मराठीत खिशात हात घातला म्हटले की हात कोणाचा हे विचारण्याचे कारण नसते. दुसऱ्याच्या खिशात घातला असेल तरच सांगावे लागते. इंग्रजी पात्रे नकारासाठी डोके हलवितात, मराठी पात्रे मान हलवितात. लाजेने खाली जाते ती मान, स्वाभिमानाने ताठ असते तीही मानच. डोके वर काढतो तो उपद्रव. अनुवादित कादंबऱ्यांतील माणसे डोके हलवितात, खांदे उडवितात, तेव्हा ती परकी वाटतात. खांदे उडविणे ही कृतीच परकी असल्याने ते क्षम्य. डोके हलविणे ही निव्वळ भाषांतरकाराची घाई.

मराठीतील अवयव व्याकरणातही शिरले आहेत, याकडे भाषांतरविचारात फारसे लक्ष गेलेले नाही. चूक हातून होते, नुकसान एखाद्याच्या पायी होते, परीक्षा तोंडी असते, साहेबाच्या हाताखाली काम करावे लागते, आणि रक्कम कर्जापोटी किंवा करापोटी भरली जाते. इंग्रजी हिशेबात खर्चाला ‘हेड’ असते. शासकीय मराठीने त्याचे ‘लेखाशीर्ष’ केले. महाविद्यालयाच्या कार्यालयात अनुदानाच्या कागदांवर ते नित्य वाचावयास मिळते. त्याच कागदावर पुढच्या ओळीत ‘वेतनापोटी अदा केलेली रक्कम’ असते. एकाच ओळीच्या अंतरावर इंग्रजी डोके आणि मराठी पोट शेजारी बसलेले असतात. ‘हेडमास्तर’ मात्र ‘मुख्याध्यापक’ झाला आणि ‘मुख्य’ हा शब्द ‘मुख’वरून आलेला, तेव्हा तेथे डोक्याच्या जागी तोंड आले. ‘फुटनोट’ची ‘तळटीप’ करणाऱ्याने पाय वगळला आणि पानाकडे पाहिले. पत्त्यांतील बदामाइतकाच तो शब्द यशस्वी आहे.

रुग्णपत्रकांचा प्रश्न

या चर्चेचे मोल सर्वाधिक कोठे आहे, तर ते साहित्यात नसून दवाखान्यात. मधुमेहामुळे मज्जातंतूंना होणारी इजा बहुधा तळपायांकडून सुरू होते. इंग्रजी पत्रकात रुग्णाला ‘फूट’ तपासावयास सांगितलेले असते. त्याचे मराठीत ‘पायांची काळजी घ्या’ एवढेच झाले, तर गुडघेदुखीने त्रस्त असलेला वृद्ध रुग्ण गुडघ्याला तेल लावील आणि तळव्याची भेग पाहणार नाही. ‘पाऊल’ म्हणावे तर त्यात चालण्याची छटा अधिक. ‘घोट्याखालचा पाय, तळवा आणि बोटांमधल्या बेचक्या’ असे लिहिणे लांबते, पण नेमके असते. छातीत जळजळ होणे यासाठी इंग्रजीत ‘हार्ट’चा शब्द येतो, यंत्राने किंवा घाईतल्या माणसाने तेथे हृदय घातले, तर आम्लपित्ताचा रुग्ण हृदयरोगाच्या धास्तीने रात्र काढील. याउलट हृदयविकाराच्या लक्षणांत ‘आर्म’मधील वेदना ‘डाव्या हातात कळ’ अशीच सांगावी. तेथे बाहू लिहून अचूकपणा दाखविण्यात अर्थ नाही, कारण कळ खांद्यापासून बोटांपर्यंत कोठेही असू शकते आणि मराठी हात तेवढाच लांब आहे. बोटांच्या क्रमांकांचेही तेच. अंगठा धरून तिसरे की सोडून तिसरे, हा घोळ शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर परवडणारा नाही. मधले बोट, अनामिका, करंगळी ही नावे मराठीत तयार आहेत. ती निरक्षर रुग्णालाही ठाऊक असतात, निदान करंगळी तरी. ज्याला ‘अनामिका’ माहीत नाही, त्याला ‘करंगळीच्या शेजारचे’ असे सांगून ते बोट त्याच्याकडून उचलून घ्यावे आणि मगच त्याची सही, किंवा अंगठा, घ्यावा.